तिरपा पैलवान

दिवसभर एकच अक्षर कापून कापून मला आता त्याचा वीट आलाय. मान धरते, डोळे चुरचुरतात, आणि समोर पाहावं तर तेच: जाड, काळं, उजवीकडे कललेलं. झोपेतही तेच दिसतं. कॉम्प्युटरमध्ये त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे, पुढे आकडाही आहे, पण ते नाव घेऊन आजवर एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. सरळ असला तर उभा पैलवान, कललेला असला तर तिरपा पैलवान. आणि मोताळ्यात ज्याला त्याला तिरपाच लागतो.

दुकान माझं स्टँडच्या समोरच्या ओळीत आहे. एक कॉम्प्युटर, एक रेडियम कापायचं मशीन, एक कुरकुरणारा पंखा. गाड्यांच्या काचांवर, टाक्यांवर, दारांवर चिकटवायची चकचकीत अक्षरं मी कापून देते. त्या कागदाला सगळे रेडियमच म्हणतात. फ्लेक्सचं डिझाइन इथंच करते आणि छापून बुलढाण्याहून आणते. बाईमाणूस हे काम करते म्हणून पहिली काही वर्षं लोक बघायला यायचे. आता कुणी बघत नाही, सगळे फक्त घाई करतात.

पैलवानाचं अंग सांगते. वरची रेघ जाड, उभा दांडा त्याहून जाड, आणि दांडा खाली जिथं संपतो तिथं एक चौकोनी ठोकळा. बाकीच्या अक्षरांचे पाय खाली निमुळते होतात किंवा सरळ तुटतात. याचे पाय म्हणजे गमबूट घातलेले. इंग्रजीत तर प्रत्येक अक्षराला वर आणि खाली हे ठोकळे असतात, त्यामुळे एरवी काडीसारखा असणारा आय पण पाटावर बसल्यासारखा ऐसपैस दिसतो. एवढं वजन अंगावर घेऊन तो उभा राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तो कलतो. दोन्ही हातात बाजाराच्या पिशव्या, आणि बस सुटली म्हणून पळणारा जाडा माणूस पाहिलाय ना, तसा.

लोकांना मात्र तोच आवडतो. ट्रॉलीवर तोच, डीजेच्या गाडीवर तोच, कबड्डीच्या बनियनवर, जिमच्या पाटीवर, पोलीस भरतीच्या क्लासवर, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. लांबून दिसतो, खरं आहे. उन्हात पुसट होत नाही, धुळीतही वाचता येतो. पण त्याला हळू बोलता येत नाही. त्यात 'सुस्वागतम' लिहा, दम दिल्यासारखंच वाटतं. एकानं हट्टानं तो लग्नपत्रिकेत घालून घेतला होता. नवरानवरीची कुस्ती लावल्यासारखी ती पत्रिका दिसत होती. मी सांगितलं होतं, पण आपल्या सांगण्याला विचारतो कोण.

आणखी एक खोड आहे त्याची. तो उजवीकडेच कलतो. गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला चिकटवला की अक्षरं गाडीसोबत पुढं पळतात, छान दिसतं. तोच शब्द क्लीनरच्या बाजूला चिकटवला की अक्षरं डिक्कीकडे पळतात. मग गिऱ्हाईक परत येतं. "काकू, एका बाजूनं गाडी मांगं चालून राह्यली माही." मग मी त्या बाजूसाठी अक्षर उलटं कलतं करून देते. ते दारू प्यायल्यासारखं दिसतं. पण गाडी पुढं जाते ना, मग चालतं त्यांना.

दुकानाचा एक नियम होता. मेल्याला उभं, जित्याला तिरपं. हा नियम मला कुणी शिकवला नाही, हळूहळू आपोआप झाला. श्रद्धांजलीचं बॅनर असलं की मी उभं अक्षर घेते, तेही बारीक अंगाचं. गेलेल्या माणसाला आता कुठं जायची घाई आहे? फोटोखाली पळणारं अक्षर बरं दिसत नाही. गिऱ्हाइकांनाही ते न सांगता कळायचं. एरवी दोन-दोन तास माझं डोकं खाणारी माणसं त्या दिवशी गप्प बसून "तुम्हीच पाहा काकू" म्हणायची. हा नियम मी एकदाच मोडला. ते सांगायचंय, पण त्याआधी फटीचं सांगायला पाहिजे.

आपल्या लिपीत काही अक्षरं एका फटीवर उभी आहेत. भ आणि म घ्या. म ची वरची रेघ सलग असते, भ ची डाव्या बाजूला तुटलेली असते आणि तिथं एक छोटा आकडा वळलेला असतो. ध आणि घ चंही तसंच. बारीक अक्षरात ही फट स्वच्छ दिसते. पैलवानाचं अंगच एवढं फुगलेलं की फटीला जागा उरत नाही, केसाएवढी राहते. त्यात गिऱ्हाइकाला बॉर्डर पाहिजे असते. बॉर्डर दिली की फट बुजते आणि भ चा म होतो. हवा भरून मिळेल, अशी पाटी मागायला आलेल्या पंक्चरवाल्याला मी हे कॉम्प्युटरवर दाखवलं होतं. हवा मरून मिळेल, असं झालं होतं. तो हसला आणि त्यानं बॉर्डर काढायला लावली. सगळेच असे ऐकणारे नसतात. या रस्त्याला खांबाखांबावर वाढदिवसाच्या शुमेच्छा लटकलेल्या आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्याच दुकानातून गेलेल्या, सांगून सवरून.

माझा भाऊही न ऐकणाऱ्यांतला.

तो माझ्याहून मोठा. आम्ही दोघंच. बाप लवकर गेला तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि काळी-पिवळी जीपवर क्लीनर म्हणून लागला. मी शाळा सोडली नाही, कारण त्यानं सोडू दिली नाही. टायपिंगच्या क्लासला मलकापूरला मला तोच सोडायचा, मागच्या सीटवर, दोन पोत्यांच्या मध्ये. पुढं त्यानं स्वतःची गाडी घेतली. मोताळ्याहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा, मध्ये राजूरचा घाट. जन्म त्यातच गेला त्याचा.

अंगानं किरकोळ होता आणि आवाज अगदी मऊ. स्टँडवर अशा माणसाचा निभाव लागत नाही. तिथं ज्याच्या शब्दाला वजन, ज्यानं भांडण सोडवावं, कुणाची गाडी आधी भरायची ते सांगावं, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. माझ्या भावाला कुणी काहीच म्हणायचं नाही. "ए, चाल बे, काढ गाडी मांगं." बस. घरात वयनी त्याचं नाव घ्यायची नाही, तिचं आपलं "ऐकलं का". पोरं बाबा म्हणायची. जगात भाऊ म्हणणारी मी एकटीच. आणि त्याची एकच हौस होती की रस्त्यानं त्याला भाऊ म्हणावं. असं कधी बोलला नाही, पण मला कळत नव्हतं थोडंच.

गाडी रंगवून आणली त्या दिवशी तो दुकानात आला.

"बाई, मांगच्या काचीवर नाव टाकून दे."

"काय टाकू?"

"भाऊ."

"नुसतं भाऊ?"

"हाव. नुसतं. पैलवानात टाक. तिरप्या."

मी शब्द टाकला. तो माझ्या मागं उभा राहून बघत होता. म्हणाला, "जाड कर."

"जाडच आहे हे."

"अजून जाड. घाटात मांगून येनाऱ्या टरकवाल्याले वाचता आलं पाह्यजे. बॉर्डर दे."

बॉर्डर दिली. मी त्याला स्क्रीनवर बोट लावून दाखवलं. "भाऊ, फट बुजून राह्यली पाह्य. लोक भलतंच वाचतीन."

"बुजू दे. लोकायले कळते. कोनी येडं आहे का?"

मी पुन्हा सांगितलं, उभं घे, बारीक घे, बॉर्डर काढ. तो ऐकेना. मऊ माणसाचा हट्ट फार चिवट असतो. शेवटी कापलं, पांढऱ्या रेडियममध्ये, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यानं स्वतःच्या हातानं चिकटवलं, फडक्यानं बुडबुडे काढले, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघत उभा राहिला. खूश होता.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर लागली तेव्हा कुणीतरी मोठ्यानं वाचलं.

"माऊ."

झालं. आली बे माऊ. माऊ, तुहा नंबर आहे. माऊ, दूध पेलं का? आणि गाडी वळली की चारी बाजूंनी म्याव. घाटात समोरून येणारे ड्रायव्हर हात काढून म्याव करायचे. चहावाला म्याव करायचा. ज्याला भाऊ व्हायचं होतं त्याची मांजर झाली, आणि तीही एवढ्या मोठ्या अक्षरात की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाचता यावं.

तो चिडला. उलटून शिवी देणाऱ्यांतला नव्हता, त्यामुळे राग सगळा आतच. जेवण कमी झालं, वयनी सांगायची. मी म्हटलं, ये, नवीन कापून देते, चकटफू. तर यायचा नाही. आत्ताच काढलं तर आणखी हसतील म्हणे. मला त्याचाही राग यायचा आणि हसणाऱ्यांचाही. एकदा चहावाल्याला मी भर बाजारात झापलं. त्यानं माझ्यासमोर बंद केलं, माझ्यामागं चालू ठेवलं.

मग एका बाजाराच्या दिवशी तो आलाच. गाडी दुकानासमोर लावली. "काढ हे. आत्ता काढ." मी गरम पाण्याचं भांडं आणि ब्लेड घेऊन बाहेर आले, ब्लेड त्याच्या हातात दिलं. तेवढ्यात गाडीच्या तोंडाकडून एक म्हातारी आमच्याकडे आली. डोक्यावर भाजीचं गाठोडं, बरोबर कॉलेजातली नात.

"माय, माऊची गाडी गेली का वं?" तिनं मला विचारलं.

मी भावाकडं बघितलं. तो काचेकडं तोंड करून उभा होता. मी म्हटलं, "माऊचीच गाडी काऊन पाह्यजे आजी? इतक्या गाड्या उभ्या आहेत."

"अवं, पोरगी एकटी चालली बुलढान्याले. त्या गाडीत जिवाले घोर नाई लागत. माऊ मानूस बरा आहे म्हनतात. बाया त्याच्याच गाडीत बसतात."

भावानं ब्लेड माझ्या हातात परत दिलं. म्हातारीचं गाठोडं उचलून गाडीत ठेवलं, नातीला खिडकीची जागा दिली. मी अजून गरम पाणी घेऊन तशीच उभी.

"राहू दे आजच्या दिवस," तो म्हणाला.

ते आजच्या दिवस मग वर्षानुवर्षं राहिलं. म्हातारी म्हणाली ते खरंच होतं. मास्तरणी, नर्सा, कॉलेजच्या पोरी, लेकरं घेऊन माहेरी निघालेल्या बाया, सगळ्या काचेवर माऊ बघून बसायच्या. माऊ नावाच्या माणसाची भीती कशी वाटणार? तो तसा होताही. मोठा हॉर्न वाजवायचा नाही, घाटात पैज लावायचा नाही, कुणाकडं आरशातून बघायचा नाही. गाडी भरायला त्याला ओरडावं लागेना. स्टँडवरचे भाऊ घसा फोडायचे आणि माझ्या भावाची गाडी गप्प उभी राहून भरायची. म्याव हळूहळू थांबलं. माऊ राहिलं.

दर दोन-तीन वर्षांनी रेडियम उन्हानं तडकायचं. तो यायचा, म्हणायचा, "तसंच कापून दे." फाइल होतीच. मी तीच कापून द्यायची, बुजलेल्या फटीसकट. पण एक सांगते. दुसऱ्या कुठल्या गाडीवर 'भाऊ' दिसलं की त्याची नजर तिकडं जायची, आणि जरा जास्त वेळ तिथं राहायची. माझ्या डोळ्यांतून ते सुटलं नाही. विचारायचं मात्र राहूनच गेलं. कामं असतात, दिवस जातात.

मग त्याच्या किडन्या गेल्या. बुलढाण्याला मशीनवर रक्त धुवायला न्यायचं, परत आणायचं, दोन दिवस गेले की पुन्हा न्यायचं. गाडीवर दुसरा ड्रायव्हर ठेवला. भाऊ स्वतःच्याच गाडीत पुढं खिडकीशी बसायचा, मांडीवर पाण्याची बाटली, तीही मोजूनमापून प्यायची. मागच्या सीटवर मी. ज्या घाटाची वळणं त्यानं उभा जन्म काढली त्याच घाटात आता त्याला मळमळायचं. मी थकले होते. तो तर केव्हाचाच थकला होता. दुकान अर्धा दिवस बंद, गिऱ्हाइकांचे फोन, "काकू, आमचं बॅनर?" मला वाटायचं, एकदा हे सगळं थांबावं. मग आपण काय मागतोय ते कळायचं आणि मी पुढं वाकून त्याची बाटली नीट करायची.

एकदा घाटात समोरून एक ट्रक आला. त्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, मान बाहेर काढली. "काय माऊ, कशी आहे तब्येत?" भावानं हात वर केला. पुढं गेल्यावर मी विचारलंच.

"भाऊ, आता तरी नीट कापून देऊ का? भाऊ म्हनून?"

त्यानं डोकं खिडकीला टेकवलं. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "तू म्हनतं न भाऊ?"

"म्हनते."

"मंग झालं. एका मानसानं म्हटलं तं बस आहे."

उन्हाळ्यात तो गेला.

बॅनर मीच करणार होते, दुसरं कोण करणार? दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसले. माझ्या मनात पक्कं होतं. इतकी वर्षं रस्त्यानं त्याला दिलं नाही ते मी देणार. उभं अक्षर घेतलं, बारीक अंगाचं, सरळ. 'भाऊ' टाकलं. भ ची फट अशी स्वच्छ की त्यातून पलीकडचं दिसावं. वर फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. मला ते इतकं बरोबर वाटलं की जरा हलकं वाटलं, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा.

शटरखालून वाकून वयनी आत आली. तेरवीच्या आत आमच्याकडे बाई उंबऱ्याबाहेर पडत नाही. ती आली होती, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. शेजारणी काय म्हणतील ते म्हणू द्या, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिनं स्क्रीनकडं पाहिलं.

"हे कोन?"

"आपला भाऊ."

"बाई, भाऊ तं त्या खांबावरबी आहे आन या भिंतीवरबी आहे. या गावात भाऊ नाई असा एक खांब दाखवा मले." ती स्टुलावर बसली. "तेरवीले मलकापूरचे डायवर येतीन, बुलढान्याचे येतीन, पार लोनारकडचे येतीन. त्याइले भाऊ कोन हे मालूम आहे का? माऊ टाका."

"वयनी, त्याले ते नको होतं."

"आन तिरपं करा. काचीवर आहे तसं."

"मेल्याले तिरपं टाकत नाई आपन."

"मी इतके वर्स त्याइचं नाव तिरपंच पाह्यलं. संध्याकाळी गाडी वळली का काचीवर तेच दिसे, मंग मी भाकर टाको तव्यावर. हे उभं पाहून मले परका मानूस वाटून राह्यला."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "माहा भाऊ होता तो."

"माह्याबी कोनी होता," वयनी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. ती स्क्रीनकडं बघत होती. ती उठली, पदर सारखा केला, आणि पुन्हा शटरखालून वाकून निघून गेली. माझ्यावर सोपवून गेली, म्हणजे मला करावंच लागणार होतं.

जुनी फाइल उघडली. तिरपा पैलवान, बॉर्डरसकट. ती तशीच फोटोखाली ठेवली असती तरी चाललं असतं. पण मी बराच वेळ त्या बुजलेल्या फटीकडं बघत बसले. ती काचेवर चालली, तिथं लोक चुकीचं वाचत होते आणि अक्षर आतून भ च होतं. इथं तसं नको वाटलं. वयनीला माऊ पाहिजे, रस्त्याला माऊ पाहिजे, मग खरंच माऊ असू दे. मी भ पुसला आणि म ची कळ दाबली. वरची रेघ सलग आली, बुजवायला काही उरलं नाही. मी रडले. मोठ्यानं रडले. शटर अर्धं खाली होतं.

फ्लेक्सच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दुकानाचं नाव टाकायचा आमच्या धंद्यात रिवाज आहे. बारीक असतं, कुणी वाचत नाही. त्या बॅनरवरून मी दुकानाचं नाव काढलं. तिथं उभ्या बारीक अक्षरात, फट मोकळी ठेवून, 'भाऊ' एवढंच टाकलं.

वयनीचं बरोबर होतं, मान्य करते. बॅनर स्टँडवर लागलं आणि गाड्या थांबायला लागल्या. ड्रायव्हर उतरायचे, हात जोडायचे. त्या आजीची नात, आता नोकरीला लागलेली, लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तेरवीला एवढी माणसं आली की पंगतीवर पंगती उठल्या. उभ्या अक्षरातला भाऊ लावला असता तर कदाचित आम्ही चार घरचीच जेवलो असतो.

गाडी पुढं त्या ठेवलेल्या ड्रायव्हरनंच घेतली. तो धिप्पाड आहे, मिशीवाला, हॉर्नवर हात ठेवून चालवणारा. एक दिवस मी दुकानात सुईनं अक्षरांभोवतीचं जादा रेडियम उचकटत होते आणि बाहेरून आवाज आला, "आली बे माऊ." बाहेर बघितलं तर गाडी लागलेली, मागच्या काचेवर माझंच कापलेलं अक्षर, आणि तो मिशीवाला खाली उतरून हसतोय. त्यालाच माऊ म्हणत होते. कुणाच्या मनात काही नव्हतं. काचेवर जे लिहिलंय ते नाव, एवढंच. आणि वयनीचा भरवसा होता की भाऊ खांबाखांबावर असले तरी माऊ एकच आहे.

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याला ते दिसलं असावं. जवळ येऊन म्हणाला, "काकू, काढू का ते काचीवरचं?"

मी म्हटलं, "राहू दे. बाया बसतात."

आणि बसतातच. त्यानं हॉर्नसुद्धा कमी केलाय आताशा.

दिवाळीनंतर मी त्याच गाडीनं बुलढाण्याला निघाले होते, फ्लेक्स आणायला. दुकानात तेच चाललंय, कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, जाड करा काकू, बॉर्डर द्या काकू. पुढं खिडकीशी बसले, भावाच्या जागेवर. घाट लागायच्या आधी रस्त्याला लागून एका वावरात सोयाबीनचं कुटार रचून ठेवलेलं होतं. ढोरांसाठी. त्यावर जुना फ्लेक्स अंथरला होता. आमच्या भागात कुठलाच फ्लेक्स वाया जात नाही, तेरवी झाली की कुणीतरी मागून नेतं. माऊ, एवढं मोठं, तिरपं, आभाळाकडं तोंड करून. फोटो उन्हानं निळा पडला होता.

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. त्यानं थांबवली. मी उतरले, धुऱ्यावरून आत गेले. खालचा उजवा कोपरा शोधला. त्या कोपऱ्यावर वावरवाल्यानं एक मोठा दगड ठेवला होता. मी वाकून दगडाला हात लावला. उचलला नाही. भाऊ म्हणून हाक मारायला आता मला कुणी नाही, हे तिथं उभी असताना मला नीट कळलं. इतके महिने कामाच्या घाईत ते कळायचं राहिलं होतं.

गाडीतून कुणीतरी बाई ड्रायव्हरला ओरडली, "ओ माऊ, चला न, उशीर होते." मी परत येऊन बसले. वारं सुटलं होतं. दगड होता ते बरं होतं, नाहीतर ते बॅनर केव्हाच उडून गेलं असतं.